सुकाण मागायचं नसतं

आमच्याकडं आखाडात होड्या जमिनीवर असतात आणि शेतं पाण्यात. बाहेरगावच्या माणसाला वाटावं, ह्या लोकांनी काहीतरी घोटाळा करून ठेवलाय. धक्क्याच्या वरच्या अंगाला होड्या ओळीनं ओढून ठेवलेल्या असतात. अंगावर निळी ताडपत्री, पोटाखाली माडाचे ओंडके, रवंथ करत बसलेल्या म्हशीच जणू. मी रोज सकाळी छत्री घेऊन त्यांच्यामधून एक फेरी मारतो. कुणाची ताडपत्री सुटलेली दिसली की बांधतो. माझ्या मुलाची होडी शेवटून दुसरी. तिच्या दोराला हात लावला की घरातून हाक येतेच, "राहू द्या बाबा, मी बघतो!"

राहू द्या. ह्या वयात माणसाच्या कानावर सगळ्यात जास्त पडणारा शब्द हाच. पिशवी राहू द्या. बंधाऱ्यावर जाणं राहू द्या. परवा जोह्याला मेव्हण्याच्या कारखान्यात गेलो होतो. हे गणपती रंगवायचे दिवस, मूर्तींच्या रांगांमधून पाय ठेवायला जागा नाय. एक मूर्ती जरा सरकवायला हात पुढं केला, तर चार जण ओरडले, "काका, राहू द्या!" बसायला पाट मिळतो, चहा मिळतो, मान मिळतो. काम तेवढं मिळत नाय.

अशात वैशालीचा फोन आला. वैशाली माझी मुलगी, न्यूझीलंडला असते. फोनमधून वाऱ्याचा घोंगाट. "बाबा, निघालो बरं का आम्ही! शीड ऐकू येतंय का?" मी म्हटलं, "येतंय." खरं तर आमच्या पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की मला तिचंसुद्धा धड ऐकू येत नव्हतं. पण शीड ऐकायला मला फोन लागत नाय.

ती दोघं, वैशाली आणि जावई नितीन, दर वर्षी त्यांच्याकडं थंडी पडली की आपली शिडाची बोट घेऊन वरच्या ऊबदार बेटांकडं जातात. आपल्याकडं जेव्हा समुद्र खवळलेला असतो, बंदी असते, तेव्हा तिकडचा समुद्र शहाण्यासारखा वागतो. म्हणजे आमची खाडी मिटते तेव्हा त्यांचा हंगाम उघडतो. एका वर्षी मीही त्या हंगामात होतो. पॅसिफिक म्हणतात त्या समुद्रात, फिजीच्या एका लहान बेटाशी, नांगर टाकलेल्या बोटीवर मी राहून आलोय. पेणच्या नाक्यावर अजून कुणी कुणी विचारतं, "तात्या, काय बघितलं तिकडं?" मी म्हणतो, पाणी. हसतात. पण पाण्यासारखी बघायची दुसरी गोष्ट कुठली?

नितीन रोह्याचा. तिथल्या एका कंपनीत शिफ्टा करायचा, मग तिकडं नोकरी लागली. रोह्याला कुंडलिका दाराशी वाहते, पण ह्या पोरानं लहानपणी तिच्यात पाऊल भिजवलं नव्हतं, आई ओरडायची म्हणे. आणि परदेशी जाऊन ह्यानं शिडाची बोट घेतली! रोह्याजवळ निडीला माझी धाकटी बहीण दिलेली आहे. तिला सांगितलं, तर ती म्हणते, "दादा, रोहेकर समुद्रात बोट घालतोय, तर तू आता विमान चालवायला घे."

विमान चालवलं नाय, पण त्यातून गेलो मात्र. आमची मंडळी आली नाय. "मला त्या इमानात नका कोंबू," म्हणाली. विमानतळावर मला दोन गोष्टी बजावल्या. एक, लाटेत उभं राहायचं नाय. दुसरी, जावयासमोर लुंगीवर बसायचं नाय. दोन्ही मी पाळल्या नाय.

बोट पांढरी, अंगानं सडपातळ, आतून आगगाडीच्या डब्यासारखी. सगळं घडीचं. टेबलाची घडी, पलंगाची घडी, संडाससुद्धा कपाटाएवढा आणि त्याला हापसा. आधी हापसून पाणी आत घ्यायचं, मग हापसून बाहेर काढायचं. म्हटलं, हे बरं आहे, ह्या वयात व्यायाम झाला. पण मी पहिल्यांदा बोटीवर चढलो तेव्हा ह्यातलं काही बघितलं नाय. माझी नजर सरळ मागं गेली, सुकाणाकडं. तिथं एक चाक होतं. चकचकीत, मोठं, गाडीच्या चाकाच्या तिप्पट. आणि मला कळलं की मी एवढ्या लांब मुलीला भेटायला आलोय हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं तिथं उभं होतं.

मी चौथीतून उठलो तो मामाच्या मचव्यावर चढलो. मचवा म्हणजे पोट सुटलेली, शिडावर चालणारी मालाची होडी. कौलं, मिठागरांचं मीठ, रेती भरायची आणि धरमतरच्या खाडीतून मुंबईला न्यायची. आधी भात रांधला, मग दोर ओढले, मग कधीतरी मामानं सुकाणाचा दांडा हातात दिला, आणि पुढं मी स्वतः तांडेल झालो. तांडेल होडीचा मालक नसतो, पण पाण्यावर मालकाचाही बाप असतो. मग पूल झाले, ट्रक आले, आणि मचवे एकेक करून चिखलात बसले ते उठले नाय. मी उठलो, शेती केली, पोरं वाढवली. पण कुणाच्या हाताला विडीची सवय राहते, कुणाच्या तपकिरीची. माझ्या हाताला दांड्याची राहिली. अजून एसटीत उभा असलो की वळणावर हात आपोआप बाजूला जातो.

तर मनात एवढंच होतं. ह्या बोटीचं सुकाण एकदा हातात यावं. खुल्या पाण्यावर, शीड भरलेलं असताना. जायच्या आधी एकदाच.

पण सुकाण मागायचं नसतं. मचव्यावर हा कायदा. दोर मागावा, भात मागावा, सुट्टी मागावी, सुकाण नाय. तांडेलाला माणूस तयार वाटला की तो स्वतः देतो. जो मागतो त्याला कधी मिळत नाय, वर हसं होतं. मी आयुष्यात कुणाला सुकाण मागितलं नव्हतं आणि रोह्याच्या माणसाला मागणार तर मुळीच नव्हतो.

त्या बेटाकडं जाताना पहिल्याच दिवशी माझी निराशा झाली. चाकापाशी कुणीच नव्हतं आणि चाक आपलं आपण जरा इकडं, जरा तिकडं फिरत होतं. मी दचकलो. वैशाली म्हणाली, "बाबा, ते यंत्र आहे. आम्ही त्याला भाऊजी म्हणतो."

"भाऊजी का गो?"

"गप्प बसून काम करतात, आणि नेमक्या वेळी रुसतात."

नितीन खोखो हसला. मीही हसलो, पण त्या भाऊजींचा मला राग आला तो आलाच.

बेटाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाय, तेव्हा नुसतं बेटच म्हणतो. मधोमध हिरवा डोंगर, पायथ्याशी माडांची रांग, माडांखाली वीस-पंचवीस घरांचं गाव. आणि बेटाला वेढा घालून पाण्यातल्या पाण्यात खडकांची भिंत. समुद्र त्या भिंतीवर दिवसभर आपटून फुटायचा, आणि आत, जिथं आमची बोट उभी होती तिथं, ताटातल्या पाण्यासारखं शांत. रंग तरी किती! भिंतीजवळ शाईसारखा, मग मोरपिशी, मग किनाऱ्याला येता येता नारळाच्या पाण्यासारखा. आमच्या खाडीचं पाणी चहासारखं. त्यात हात घातला की बोटं दिसत नाय, म्हणून आम्ही पाणी हातानं ओळखतो. तिथं नांगर पडलेला तळात दिसायचा, त्याच्या साखळीवरून मासे ये-जा करायचे. सगळं दिसतंय म्हटल्यावर पहिले काही दिवस मला चैनच पडेना. झाकलेलं काही उरलंच नाय, तर विचार कशाचा करायचा?

नांगरलेल्या बोटीवरचा दिवस म्हणजे गावातल्या घराचाच दिवस, फक्त घर हळूहळू फिरतं. सकाळी चहा पिताना समोर डोंगर असायचा, वारा बदलला की जेवताना समोर समुद्र. वैशाली भाकरी थापायची तेव्हा शेगडी झोके घ्यायची, पाळण्यातल्या पोरासारखी. भाकरी मात्र सरळ भाजायची. गोड्या पाण्याचा हिशेब कडक. नितीन लाजत लाजत म्हणाला, "बाबा, अंघोळ जरा कमी पाण्यात करावी लागेल." मी म्हटलं, "जावईबापू, मी खारेपाटातला. आमच्याकडं चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला टँकरची वाट. एका तांब्यात अंघोळ करून उरलेल्यात धोतर धुवून दाखवतो." दाखवलं. नितीननं टाळ्या वाजवल्या.

शेजारी आणखी एक बोट नांगरलेली होती. तिच्यावर फ्रान्सचा एक म्हातारा आणि त्याची बायको. वैशालीनं पहिल्यांदा कुकर लावला त्या दिवशीची गोष्ट. एक शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीला बघतो तर तो म्हातारा आपल्या रबराच्या होडीतून जीव खाऊन वल्ही मारत येतोय, आणि मांडीवर आग विझवायची लाल नळकांडी! त्याला वाटलं, आमची बोट पेटली आणि भोंगा होतोय. वर घेतला, घाम पुसायला पंचा दिला, डाळभात वाढला, वर पेणचा पापड. त्यानंतर कुकरची शिट्टी झाली की तो यायचाच. फक्त नळकांडीच्या जागी ताट असायचं.

मी मासे पकडून खारवून वाळत घालायचो. बोटीच्या कडेला जे तारेचं कुंपण असतं, त्याच्या एका बाजूला वैशालीचे कपडे आणि दुसऱ्या बाजूला माझे मासे. "बाबा, सगळ्या समुद्राला वास येतोय!" ती नाक धरून म्हणायची. म्हटलं, "येऊ दे. समुद्राचाच वास समुद्राला." रोज दुपारी ताजी मासळी मिळणाऱ्या जागी वाळवायची कशाला, असं नितीनला वाटत असणार. पण तो बोलला नाय. नितीन सभ्य. फार सभ्य. सासऱ्यापुढं पाय पसरून बसणार नाय, मोठ्यानं हाक मारणार नाय. मी दोर उचलला की धावत येणार, "राहू द्या बाबा, मी करतो." एवढ्या लांबही तोच शब्द. मला वाटायचं, ह्याला एखादा दुर्गुण असता तर बरं झालं असतं.

आता खरी गंमत सांगतो. एक दिवस वारा फिरला म्हणून बोट बेटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायची ठरली. भिंतीच्या आतूनच, शांत पाण्यातून. भाऊजी बंद, नितीन स्वतः चाकावर. मी शेजारी बाकावर, मधे थर्मास आणि खारी. थोडं गेल्यावर नितीन बाजूला सरकला, हात जरा पुढं केला आणि म्हणाला, "बाबा, घ्या ना."

मी म्हटलं, "नको, आत्ताच झाला."

जरा वेळानं परत, "घ्या की थोडा वेळ."

थोडा वेळ चहा? म्हटलं, तिकडचं बोलणं असंल. "नको म्हटलं ना. पित्त होतं मला."

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा मी थर्मासच उचलून लांब ठेवला. तो मान हलवून पुढं बघायला लागला.

दोन दिवसांनी वैशाली कपडे वाळत घालता घालता हळूच म्हणाली, "बाबा, खरं सांगा. चाकाची भीती वाटते का तुम्हाला?"

"कसली भीती?"

"नितीन म्हणाला, बाबांना तीनदा चाक दिलं, तीनदा नको म्हणाले. वर पित्त होतं म्हणाले. त्याला वाटतंय, उगाच विचारलं, बाबांना अवघडल्यासारखं झालं."

माझ्या हातातला मासा पाण्यात पडला. म्हणजे ते घ्या चहाचं नव्हतं! अहो, पण सुकाण असं देतात होय? पोह्यांची बशी पुढं करावी तसं? घ्या ना, थोडं घ्या की! मामानं मला दिलं तेव्हा शिडाकडं बघत नुसतं म्हटलं होतं, "घे." तेसुद्धा अर्धं. आणि गेला पुढं, मागं वळून न बघता. 'घ्या' पाहुण्याला म्हणतात, 'घे' आपल्या माणसाला. एवढं साधं. पण आता हे वैशालीला सांगायचं कसं? मला चहा वाटला म्हणालो असतो तर निडीपर्यंत हसं झालं असतं.

"मचव्यावर असं देत नाय," मी म्हटलं.

"मग कसं देतात?"

"देणाऱ्याला ठाऊक असतं."

"अहो बाबा, मग मागून घ्या ना! नाहीतर मी सांगते त्याला."

"माझी शपथ हाय तुला. सुकाण मागायचं नसतं."

तिनं कपाळाला हात लावला. "आई म्हणते ते खोटं नाय," एवढंच म्हणाली. आई काय म्हणते ते मी विचारलं नाय.

झालं. आधी नुसती इच्छा होती, आता अब्रूची गोष्ट झाली. धरमतरच्या खाडीत आयुष्य काढलेला तांडेल चाकाला भितो! दुसऱ्या दिवशी फ्रेंच म्हातारा जेवायला आला तो माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी मायेनं बोलला, आणि त्याच्या बायकोनं मला बोट लागू नये म्हणून एक गोळी दिली. ती मी माशांना टाकली. परतीच्या विमानाचा दिवस जवळ येत होता. आता बेट सोडून मोठ्या बंदरापर्यंतचा एकच प्रवास उरला होता, आणि तो भाऊजी करणार होते.

निघायच्या आधी गावाचा निरोप घ्यायला गेलो. तिथली रीत अशी की गावच्या पाण्यात नांगर टाकला की आधी मुखियाच्या घरी जायचं, यंगोना नावाच्या झाडाच्या मुळ्यांची जुडी पुढं ठेवायची आणि राहायची परवानगी मागायची. आम्ही आलो तेव्हा हे केलं होतं. आता निरोपाची बैठक. पुरुषांनीसुद्धा कमरेला लुंगी गुंडाळून यायचं. नितीनची चालता चालता दोनदा सुटली. माझी जन्मात सुटलेली नाय. गावात डोक्यावर टोपी चालत नाय. मी काढली नसती, पण ती वाऱ्यानं आधीच नेली होती.

चटईवर मांडी घालून गोल बसलो. मधे लाकडी परात, तिच्यात त्या मुळीचं गढूळ पाणी. एकदा टाळी वाजवायची, करवंटी तोंडाला लावायची, एका दमात रिकामी करायची, मग तीन टाळ्या. चव मातीची. जीभ बधिर होते आणि मन सैल. पाणी देणारा सेमी नावाचा म्हातारा, माझ्याच वयाचा, दात थोडे आणि हसू पुष्कळ. तरुणपणी तो तिथल्या हिंदी लोकांच्या उसात राबलेला, म्हणून मोडकी हिंदी बोलायचा. माझीही मोडकीच. दोन मोडक्या मिळून एक धड व्हायची.

पहिली करवंटी त्यानं माझ्यापुढं धरली. "पहले कप्तान," तो म्हणाला.

मी नितीनकडं बघितलं. कप्तान तो. पण त्या लोकांचा हिशेब सरळ, ज्याचे केस पांढरे त्याची बोट. नितीननं हसून मान हलवली, घ्या. वैशाली गालातल्या गालात हसत होती. मी टाळी वाजवली आणि प्यालो. खोटं बोललो नाय, खरंही बोललो नाय. पण ती माती घशाखाली जाताना मला लाज वाटली. सेमी विचारत होता, "कितना साल कप्तान?" मी म्हटलं, "बहुत." तो म्हणाला, "कल हम देखेगा. सब गाव देखेगा, कप्तान कैसे जाता."

सकाळी खरंच गाव किनाऱ्यावर. पोरं माडांवर. नांगर वर आला. भिंतीला एक फट होती, तिच्यातूनच बाहेर पडायचं. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधे काळपट पाण्याची गल्ली. वैशाली पुढं नाळेवर, बोटीच्या टोकाला उभी राहून हातानं खडक दाखवत होती, नितीन चाकावर. छान काढली बोट पोरानं. मी मनात म्हटलं, रोहेकर असला तरी डोळा आहे. बाहेर खुल्या पाण्यावर आलो, वारा मिळाला, नितीननं पुढचं शीड सोडलं. ते अर्धं उघडलं आणि दोर अडकला. शीड फाडफाड वाजायला लागलं. वैशालीनं ओढून बघितलं, निघेना. नितीननं भाऊजींचं बटण दाबलं. भाऊजींनी कुईकुई केलं आणि बंद पडले. रुसले. नेमक्या वेळी.

"बाबा, घ्या!" नितीन ओरडला.

खरं सांगतो, तेव्हासुद्धा माझी नजर आधी थर्मासकडं गेली.

"चाक, बाबा! जरा उजवीकडं ठेवा!" आणि तो पुढं पळाला. मागं वळून न बघता.

मी उठलो. दोन्ही हातांनी धरलं. थंडगार होतं, आणि जिवंत. खालून समुद्र त्याला हिसके देत होता आणि ते हिसके तळव्यातून खांद्यापर्यंत आले. ओळख पटली. उजवीकडं जायचं ना? मचव्याचा दांडा असतो, होडी उजवीकडं न्यायची तर दांडा डावीकडं ढकलायचा. जन्मभराची सवय. हातांनी मला विचारलंच नाय. चाक जोरात डावीकडं फिरवलं.

बोट डावीकडं अशी वळली की बस! कपबश्या खाली गडगडल्या, वैशाली कठड्याला लटकली, शीड उलट्या बाजूनं भरलं, डोक्यावरची मोठ्या शिडाची आडवी काठी सूं करून गेली, मी खाली वाकलो. आणि पुढून नितीनचा आवाज आला. तो सभ्य आवाज नव्हता.

"अरे उलटं! उलटं फिरव! काय करतोस! डोळे फुटले का? फिरव, फिरव!"

माझ्या अंगावर काटा आला. राग नव्हे हो. मामा गेल्यापासून कुणी मला 'काय करतोस' म्हटलं नव्हतं. माणूस ओरडतो कुणावर? ज्याच्या हातात काहीतरी असतं त्याच्यावर. पाहुण्यावर कोण ओरडतो? त्या एका शिवीसाठी मी पेणहून पॅसिफिकपर्यंत आलो होतो असं मला वाटलं, आणि मी मोठ्यानं हसायला लागलो.

पण हात मोकळे नव्हते. बोट अर्धी फिरून गेलेली. अशी अर्ध्यात माघारी ओढली तर दोर आणखी गुंतणार, एवढं तर कुठल्याही होडीत सारखंच. म्हटलं, फिरतेयस तर पुरी फीर बाई. आणि चाक तसंच धरून सबंध वळसा घातला. डोंगर नाकासमोरून गेला, माड गेले, सगळं गाव डोळ्यांसमोरून वराती​सारखं गेलं, आणि बोट पुन्हा होत्या दिशेला आली. आता मी चाक उजवीकडं फिरवलं. खरोखरीच्या उजवीकडं. किनाऱ्यावरून मोठा ओरडा आला. सेमी दोन्ही हात वर करून नाचत होता, पोरं माडांवरून टाळ्या पिटत होती. त्यांना वाटलं, कप्तानानं जाता जाता गावाला सलामी दिली!

वळशात दोर आपोआप सुटला होता. शीड भरलं आणि बोट चालू लागली.

नितीन मागं आला तो पांढराफटक. "बाबा, माफ करा. तोंडातून निघून गेलं. मी तुम्हाला असं..." वैशाली त्याच्या मागं उभी राहून ओढणी तोंडात कोंबत होती. त्यानं चाकावर हात ठेवला, परत घ्यायला. मी सोडलं नाय. मागितलं नाय आणि सोडलंही नाय. त्यानं माझ्या हातांकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. काय दिसलं त्याला कुणास ठाऊक. त्यानं आपला हात काढून घेतला आणि भाऊजींच्या बटणावर फडकं टाकलं.

"वैशाली," तो म्हणाला, "भाऊजींना झोपू दे आज."

बेट हळूहळू मागं पडायला लागलं. शाईच्या रंगाचं पाणी लागलं, लांब लांब लाटा, एकेक येऊन बोट उचलायची आणि पुढं ठेवून जायची. माझे हात मधूनच चुकत होते, मी त्यांना रागे भरत होतो. मग वारा जरा मागून यायला लागला आणि मोठं शीड असं थरथरायला लागलं की मचव्याच्या शिडाला मी तसं कधी बघितलं नव्हतं. काय करावं कळेना. चाक जरा इकडं, जरा तिकडं करून बघितलं. मग म्हटलं, "नितीन."

"काय बाबा?"

"हे असं का करतंय? काय करू?"

तो बघतच राहिला. "तुम्ही मला विचारताय?"

"मग कुणाला? मचव्याचा तांडेल मी. ह्याचा तू. सांग लवकर, आणि घ्या-करा म्हणत बसू नको, तेवढ्यात बोट उलटंल."

तो आला, माझ्या शेजारी पाय पसरून बसला, सासऱ्यापुढं पहिल्यांदाच, आणि सांगायला लागला. हा दोर सैल सोडायचा, नजर तिथं ठेवायची, चाक थोडं, नाय, एवढं नाय, थोडं. मी तो सांगेल तसं करत गेलो. शीड शांत झालं. वैशाली कठड्याला टेकून ओरडली की गाव अजून हात हलवतंय, बाबा बघा, सेमी अजून उभा आहे! पण मला मागं वळून बघायला सवड नव्हती.